रिकाम्या रकान्यातल्या बायका

नाशिक जिल्ह्यातल्या काही गावांत आमच्या संस्थेने बायकांच्या आरोग्याची पाहणी केली होती. घरोघरच्या मुलाखती संपल्या होत्या, फॉर्म संगणकावर चढले होते आणि अहवालासाठी तक्ते काढणं माझ्याकडे होतं. त्या दिवशीचा प्रश्न साधा होता: ‘दवाखान्यात एकटीने जायला घरच्यांची परवानगी लागते का?’ उत्तरं वयोगटाप्रमाणे मांडायची होती.

मी हे काम ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत करते. त्यातली ‘टेबल’ ही आज्ञा दोन प्रश्नांची उत्तरं आडवी-उभी लावून मोजून देते. पण जिथे उत्तराच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘उत्तर उपलब्ध नाही’ अशी खूण असेल, ती नोंद ही आज्ञा मोजतच नाही, आणि तसं सांगतही नाही. खाली येते ती टक्केवारी फक्त बोललेल्या बायकांची. म्हणून ‘यूज-एनए’ला ‘ऑलवेज’ सांगितल्याशिवाय, म्हणजे गाळलेल्या उत्तरांचाही रकाना मागितल्याशिवाय, मी पहिला तक्ता काढत नाही. त्या दिवशी तसा काढला, आणि शेवटचा रकाना बघून थांबले. बाकी प्रश्नांना तुरळक गाळलेली उत्तरं होती. इथे ढीग होता, त्यातही तरुण सुनांच्या ओळीत.

सर म्हणाले, “गाळलेल्या नोंदी सोडून टक्के काढा, सगळे तसंच करतात.” मला ते पटेना. डेटा साफ करताना 98 म्हणजे ‘माहीत नाही’ आणि 99 म्हणजे ‘उत्तर दिलं नाही’ या दोन्हींचं एनए झालं होतं. मूळ फाइल उघडून ते कोड पुन्हा वेगळे केले. ‘माहीत नाही’ अगदी थोड्या निघाल्या. बाकीच्यांनी प्रश्न ऐकला होता आणि त्या गप्प राहिल्या होत्या.

तक्त्यात तिसरा प्रश्न आणल्यावर चित्र किती पालटतं, हे शिकायला ‘आर’सोबतच एक नमुना येतो: बर्कली विद्यापीठाचे 1973चे प्रवेश. एकत्र पाहिलं तर पुरुषांना सुमारे 45 टक्के आणि बायकांना 30 टक्के प्रवेश. सहा विभाग वेगळे केले, की चार विभागांत बायकांचं प्रमाण जास्त. पहिल्या विभागात तर 82 विरुद्ध 62. मुलींचे अर्ज जास्त होते त्याच विभागांत प्रवेश मिळणं कठीण होतं. आमच्या फॉर्मवरही असा तिसरा प्रश्न होता, अगदी शेवटी, कुणी फारसा बघत नाही असा: ‘मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं?’

तो आत घेऊन ‘एफटेबल’ या आज्ञेने तिन्ही प्रश्नांचा तक्ता उलगडला. जिथे बाई एकटी होती तिथे गप्प राहिलेल्या जवळजवळ नव्हत्याच. 99 जवळजवळ सगळे साचले होते ‘सासू हजर’ या ओळीत. आणि त्याच ओळीत ज्या बोलल्या, त्यांतल्या बहुतेकींचं उत्तर एकच: ‘परवानगी लागत नाही.’ मला या उत्तरांनीच जास्त अस्वस्थ केलं. रिकामी जागा निदान दिसते तरी.

मी मुलाखती घेणाऱ्या ताईंना फोन लावला.

“मॅडम, सासू उंबऱ्यातच बसलेली असते,” त्या म्हणाल्या. “हा प्रश्न आला की सून आधी तिच्याकडं बघते. मग म्हणते, चहा टाकते.”

“तुम्ही सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं नाही?”

“त्यांच्याच घरात त्यांना कसं सांगू?”

खरंच होतं त्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांतातच विचारण्याचा नियम आहे. आम्ही परवानगीचा प्रश्न तेवढा नाजूक मानला नव्हता.

संध्याकाळी दोन्ही तक्ते घेऊन सरांसमोर बसले. त्यांनी बराच वेळ ती एक ओळ पाहिली. अहवालात ‘उत्तर दिलं नाही’ हा रकाना छापायचा, टक्के सगळ्या मुलाखतींवर काढायचे, आणि एकटीने दिलेली उत्तरं वेगळी दाखवायची, एवढं त्यांनी मान्य केलं. बहुसंख्य बायकांना परवानगी लागत नाही, हे मसुद्यातलं वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं.

पुढच्या फेरीची तोड ताईंनी सुचवली. आता दोघी जातात. एक आत सुनेशी बोलते, दुसरी ओट्यावर सासूबाईंचा वेगळा फॉर्म भरते: गुडघे, डोळे, बीपीच्या गोळ्या. तो फॉर्म नावापुरता नाही. त्याचेही तक्ते मी काढते, रिकाम्या रकान्यासकट.