विथ की ऑन?

दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की आपल्या मुलांच्या कानावर 'कॅच अप', म्हणजे मागे पडलेल्याने पुढच्याला गाठणं, हा शब्द सारखा पडू लागतो. कॉलेजात इंग्रजी शिकवताना दिसतं, की अर्थ त्यांना कळलेला असतो. अडतं ते पुढच्या 'विथ' आणि 'ऑन'पाशी. म्हणून शाळेच्या स्मरणिकेत त्याबद्दलच लिहितोय.

माणसाला गाठायचं असेल तर विथ. राजहंसगड चढताना मागे राहिलेल्याने पुढच्यांना गाठलं, तर 'ही कॉट अप विथ देम'. आपण 'त्यांना गाठलं' म्हणतो, म्हणून इंग्रजीत अप आणि विथ दोन्ही गळतात आणि 'ही कॉट देम' उरतं. त्याचा अर्थ, त्याने त्यांना पकडलं! मनात 'त्यांच्याशी बरोबरी केली' असं धरावं, म्हणजे त्या 'शी'च्या जागी विथ सुचतो. ब्रिटिश बोलण्यात 'आय विल कॅच यू अप' असंही म्हणतात. पण विथ असेल तर 'कॅच' आणि 'अप'च्या मधे काही घालायचं नाही. भूतकाळी रूप कॉट. 'कॅच्ड' असं रूपच नाही.

भातलावणीत आठवडाभर शाळा बुडाली, तर बुडालेलं भरून काढायला ऑन लागतो : 'आय हॅव टू कॅच अप ऑन मॅथ्स.' वह्यांत मात्र 'कॅच अप द पोर्शन' हमखास सापडतं. वर्ग गाठायचा तो विथने, धडे भरून काढायचे ते ऑनने. राहिलेल्या झोपेलाही ऑनच.

यात आधी मागे पडणं आलंच. मागे न पडता बरोबर राहिलात तर 'कीप अप विथ', पुढे निघून गेलात तर 'ओव्हरटेक'. 'आय ॲम कॅचिंग अप' म्हणजे अंतर कमी होतंय, पण अजून गाठलेलं नाही.

'आय गॉट कॉट अप इन ट्रॅफिक' याचा गाठण्याशी संबंध नाही. गोगटे सर्कलला अडकलो, एवढंच. आणि मेळाव्यात जुना मित्र 'लेट्स कॅच अप' म्हणाला, तर तो मधल्या वर्षांची खुशाली ऐकायला-सांगायला बोलावतोय. तिथेही मित्राला विथ, बातम्यांना ऑन.

बोलताना जोर 'अप'वर द्या, नाहीतर ऐकणाऱ्याला केचप वाटेल. 'कॅच-अप क्लास' म्हणताना मात्र तो 'कॅच'वर येतो.