अलास्का क्रूझ: आधी ग्लेशियर ठरवा, मग कंपनी, मग केबिन

आई-बाबा पुण्याहून सिॲटलला आमच्याकडे आले होते, त्यांना घेऊन जूनमध्ये अलास्का क्रूझ केली. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, कुठली क्रूझ लाइन चांगली? मी म्हणते, आधी कुठला ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, बघायचाय ते ठरवा, निम्म्या कंपन्या तिथेच गळतात.

ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ शिप्स सोडतात, आणि तिथे जाणाऱ्या बहुतेक बोटी हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस आणि नॉर्वेजियन या कंपन्यांच्या. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी, डिस्नी हे साधारणपणे हबर्ड ग्लेशियरला नाहीतर एंडिकॉट आर्म या चिंचोळ्या खाडीत नेतात. हबर्डला कमी समजू नका हं, १२० किमीच्या आसपास लांब, आणि आजूबाजूचे बरेच ग्लेशियर मागे हटत असताना हा पठ्ठ्या पुढे सरकतोय, १९८६ आणि २००२ मध्ये तर त्याने शेजारच्या रसेल फियॉर्डचं (कड्यांमधली अरुंद खाडी) तोंडच बंद करून टाकलं होतं. फक्त पाण्यात तरंगता बर्फ जास्त असला की कॅप्टन लांबूनच बोट वळवतो. एंडिकॉटशेजारच्या ट्रेसी आर्म खाडीत ऑगस्ट २०२५ ला मोठी दरड कोसळून त्सुनामी आली, त्यामुळे जुन्या ब्रोशरमध्ये ते नाव दिसलं तर आता नक्की कुठे नेणार ते विचारून घ्या. नुसतं 'ग्लेशियर व्ह्यूइंग' लिहिलंय म्हणून पैसे भरू नका.

आम्ही कॅनडातल्या व्हँकुव्हरहून हॉलंड अमेरिका घेतली, ग्लेशियर बे साठीच. तिथे सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवर माहिती देतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी म्हणजे बर्फाच्या भिंतीतली एक छोटीशी खाच होती, १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्युर आला तोवर बर्फ ६० किमीपेक्षा जास्त मागे गेला होता. हे ऐकल्यावर बाबा रेंजरला सोडेचनात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर थांबतं. बर्फाचा कडा पाण्यात पडताना आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, म्हणून आवाज ऐकून मान वळवलीत तर खेळ संपलेला असतो, नजर भिंतीवरच ठेवा.

आता केबिन. डावी की उजवी यावर लोक उगाच डोकं फोडतात. ग्लेशियर बे मध्ये जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं, आणि मार्जरीसमोर गोल फिरून दोन्ही बाजूंना दाखवतं. व्हँकुव्हरहून सुअर्ड किंवा व्हिटियर या अलास्कातल्या बंदरांपर्यंत वन-वे जाणार असाल तर मात्र उजवी बाजू बघा, परतीच्या दिशेने असाल तर डावी. बोट लागत असेल तर खालचा डेक आणि जहाजाचा मधला भाग. सिॲटलहून निघणाऱ्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर आयलंडच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात, तिथे हलतं. डेक प्लॅनवर लाइफबोटी कुठे टांगल्यात तेही बघा, नाहीतर खिडकीभर नारंगी लाइफबोट.

बाल्कनीचं म्हणाल तर तरुण असाल तर पैसे वाचवा, त्या दिवशी तसंही सगळे डेकवरच असतात, आमच्या बोटीवर पुढचा बो, म्हणजे जहाजाच्या टोकाचा डेक, पण उघडला होता आणि तिथून दिसतं तसं कुठल्याच बाल्कनीतून दिसत नाही. पण बरोबर सत्तरीचे आई-वडील असतील तर बाल्कनी घ्याच. आई ब्लँकेट गुंडाळून चहा घेत बसायची, थंडी वाजली की आत, परत बाहेर. गर्दीत धक्के नाहीत, बाथरूम दोन पावलांवर.

व्हिसाचं आधी बघा. सिॲटलहून निघालात तरी बोट बहुतेक कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्याने परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा आणि शिवाय कॅनडाचाही, एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांनाही. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा लागत नाही.

व्हेज खाणाऱ्यांनी पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठा आणि दुसऱ्या दिवशीचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, डाळ-भाजी-भात नीट मिळाला आम्हाला. थर्मल्स, हातमोजे आणि कानटोपी घ्या, जून असला तरी बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो.