गोव्याहून खोडदला: गुरुत्वीय लहरींचा माग घेणाऱ्या दुर्बिणीची गटसहल

गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांची, वेधशाळा विद्यार्थ्यांना दाखवायची म्हटले की लायगोचे नाव पुढे येते आणि गोव्यातल्या बहुतेक शिक्षकांचा बेत तिथेच थांबतो. लायगोच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या, या लहरी मोजणाऱ्या भुजा अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली असली, तरी ती वेधशाळा प्रत्यक्ष उभी राहायची आहे. मात्र याच लहरींचा, पण अगदी निराळ्या पट्ट्यातला शोध घेण्यात सहभागी असलेली एक दुर्बीण गोव्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. फोंडा आणि डिचोली परिसरातले विज्ञान शिक्षक व उच्च माध्यमिकचे विद्यार्थी असा आमचा गट या हिवाळ्यात तिथे जाऊन आला. आपल्याकडच्या आणखी शाळांनी जावे, या इच्छेने हे लिहीत आहे.

प्रवास अवघड नाही. मडगावहून गोवा एक्स्प्रेसने निघाले की पहाटे पुणे येते. पणजी आणि म्हापशाहून रात्रीच्या बसही आहेत. पुढे पुणे–नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव गाठावे आणि तिथून पूर्वेला खोडदकडे वळावे. नारायणगावापर्यंत एसटी मिळते, पण गट मोठा असेल तर पुण्यातूनच गाडी ठरवलेली बरी, कारण वेधशाळेच्या आवारात अंतरे बरीच आहेत. चाकणच्या वाहतूक कोंडीसाठी तासभर जास्तीचा धरून ठेवावा. वेधशाळेने दिलेली वेळ हुकली तर दुसऱ्या गटाची वेळ बिघडते.

जीएमआरटीत एकूण तीस अँटेना आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी चौदा साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत, तर उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत, त्यामुळे सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधले अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर भरते. रस्त्यावरून पहिली अँटेना दिसली तेव्हा गाडीत एकच गलका झाला, परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते तिच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर. वर पाहिले की तबकडीतून आरपार आकाश दिसते, कारण तो पृष्ठभाग पत्र्याचा नसून जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांच्या जाळीचा आहे, आणि ही जाळी दोरखंडांच्या ताणावर आकार धरून राहते. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या रचनेमुळे अँटेना हलकी झाली, वाऱ्याचा जोर कमी लागू लागला आणि एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशाला परवडली. जाळीची भोके मध्यभागी दहा आणि कडेला वीस मिलिमीटरची आहेत, तर जीएमआरटी ज्या रेडिओ लहरी टिपते त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असते. आमच्यातल्या एका मुलाचे वडील मांडवीत मासेमारी करतात. जाळ्याच्या आसापेक्षा मोठा मासा अडकतो तशी ही लहर जाळीवरून परत फिरते, हे त्याने बाकीच्यांना आपणहून समजावले. त्याची ती समज बरोबर होती आणि तिथल्या मार्गदर्शक ताईंनीही तिला दुजोरा दिला.

गुरुत्वीय लहरींचा विषय निघाला तो यानंतरच्या माहितीसत्रात, आणि पूर्वतयारीचा खरा उपयोग इथेच होतो. लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती आणि तिचा संकेत सेकंदाच्या अंशभरातच संपला होता. खोडदच्या साहाय्याने शोधल्या जाणाऱ्या लहरींचे एक आंदोलन पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात. दीर्घिका एकमेकींत मिसळल्यावर त्यांच्या केंद्रांतली कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे परस्परांभोवती फिरू लागतात, आणि या लहरी अशा जोड्यांपासून येत असाव्यात असा अंदाज आहे. त्या मोजायला पृथ्वीवरची कोणतीही भुजा पुरणार नाही, म्हणून शास्त्रज्ञ आकाशातल्या पल्सारांचा, म्हणजे फिरता फिरता रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांचा, आधार घेतात. सेकंदात शेकडो वेळा फिरणाऱ्या या ताऱ्यांचे स्पंद अत्यंत नियमित येतात. मधल्या अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली तर ते किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात, आणि हा फरक सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपासचा असतो.

साखळीच्या एका मुलीने विचारले, "पण ताई, एका पल्साराचा स्पंद उशिरा आला तर तो लहरीमुळेच आला हे कशावरून?" सबंध सत्रातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न होता. एका पल्सारावरून ते सांगता येत नाही, असे ताईंनी स्पष्ट सांगितले. अनेक पल्सारांच्या जोड्या घेऊन त्यांच्या स्पंदांच्या वेळेत पडणाऱ्या फरकांचा परस्पर मेळ आकाशातल्या त्यांच्या कोनीय अंतरानुसार ठरावीक रीतीने बदलतो का, हे पाहावे लागते. हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ही रीत गणिताने मांडली होती. २९ जून २०२३ रोजी जगातल्या निरनिराळ्या गटांनी अशा लहरींचा पुरावा जाहीर केला, त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे हा गट होता आणि त्याची निरीक्षणे याच अँटेनांतून घेतलेली होती. पुरावा महत्त्वाचा असला तरी शोध पक्का मानण्यासाठी लागणारी पाच सिग्माची सांख्यिकी कसोटी तेव्हा गाठलेली नव्हती, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. विज्ञानात खात्री कशी टप्प्याटप्प्याने वाढते, याचे इतके ताजे उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

खोडदचे खास योगदान कशात आहे, हा मुद्दा मला सर्वांत भावला. ताऱ्यांमधल्या जागेत विखुरलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना उशीर करतात आणि कंपनसंख्या निम्मी झाली की हा विलंब चौपट होतो. तो नेमका वजा केल्याशिवाय गुरुत्वीय लहरीमुळे पडलेला फरक हाती लागत नाही, आणि तो नेमका मोजायला कमी कंपनसंख्येची चांगली दुर्बीण लागते, जी खोडदला आहे. निघण्यापूर्वी वर्गात एक उदाहरण जरूर सोडवून घ्यावे: ४०० आणि १४०० मेगाहर्ट्झच्या लहरींना होणाऱ्या विलंबांचे गुणोत्तर काढायचे. उत्तर सव्वाबारा येते. ज्यांनी हे वहीत केले होते, ते विद्यार्थी सत्रात मागे पडले नाहीत. बाकीच्यांचे लक्ष तेवढ्यात भरकटले.

आता व्यवहाराच्या गोष्टी. भेटीसाठी पूर्वपरवानगी लागते आणि सर्वसाधारण गटांना शुक्रवारी वेळ मिळते. दिवस आणि वेळ अर्ज करतानाच पक्की करून घ्यावी व त्यानंतरच रेल्वेचे आरक्षण करावे. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला मोठे प्रदर्शन भरते आणि शाळांचे प्रकल्प मांडलेले असतात. ते उत्साहाचे असते, परंतु गर्दी फार, तेव्हा शांतपणे प्रश्न विचारायचे असतील तर शुक्रवारच बरा. मोबाइल, स्मार्ट घड्याळे, ब्लूटूथचे हेडफोन आवारात पूर्ण बंद ठेवावे लागतात, कारण दूरच्या पल्साराच्या संकेतापुढे खिशातला फोन प्रचंड प्रखर ठरतो. हे कारण मुलांना आधीच सांगितले तर कुणी कुरकुर करत नाही. वही आणि पेन सोबत द्यावे.

हिवाळ्यात जुन्नर भागात पहाटे चांगलीच थंडी पडते आणि आपल्याकडच्या मुलांना तिची सवय नसते, म्हणून स्वेटर सक्तीचा करावा. दुपारी मात्र उन्हाला आडोसा नसतो. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. या तालुक्यात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर असल्याने सायंकाळनंतर मुलांना रस्त्याकडेला उतरू देऊ नये आणि मुक्काम नारायणगावातच करावा. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर जवळ असल्यामुळे पालक ते जोडा म्हणून आग्रह धरतात. तो जरूर मानावा, पण दुसऱ्या दिवशी. वेधशाळेच्या दिवशी दुसरे काही ठेवू नये, कारण सत्र संपल्यावर मुलांना प्रश्न सुचू लागतात आणि त्याच संध्याकाळी शिक्षकांनी त्यांच्याबरोबर बसणे आवश्यक आहे.