तुम्ही विचारलंत म्हणून : आजोबांना मुले सांभाळता येतात का?

सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत आणि हल्ली बँकेच्या रांगेतही मला एकच प्रश्न ऐकावा लागतो : ‘वहिनी शाळेत शिकवायला जाणार आणि तुम्ही पुरुषमाणूस दिवसभर दोन लहान मुलांना घरी सांभाळणार, हे जमते तरी कसे?’ विचारणाऱ्याच्या स्वरात निम्मे कौतुक असते आणि निम्मी कीव. आमचे घर डोंबिवलीत, नात चार वर्षांची आणि नातू दीड वर्षाचा. मुलगा आणि सूनबाई सकाळी साडेसातच्या आत घराबाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर परततात. मधल्या वेळेत, दुपारी सौभाग्यवती शाळेतून येईपर्यंत, घरात मोठे माणूस म्हणून मी एकटाच असतो.

ही वेळ का आली, ते आधी सांगतो. धाकट्याच्या वेळी सूनबाईंना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. 2017 च्या दुरुस्तीपूर्वी ती 12 आठवडेच असे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. तरतूद उत्तमच आहे. परंतु कचेरी मुंबईत फोर्टला आणि घर डोंबिवलीत असेल, तर ज्या लोकलमध्ये धडधाकट माणसाला सकाळी दारात पाय टेकायला मिळत नाही, तिच्यातून तान्हे मूल त्या पाळणाघरापर्यंत न्यायचे कसे, हे कोणी सांगत नाही. मी नुकताच सेवानिवृत्त झालो होतो, गुडघे शाबूत होते, आणि घरी बसून वर्तमानपत्राच्या सगळ्या पुरवण्या वाचण्याची मला हौस नव्हती.

आता ‘कसे जमते’ याविषयी. बाहेरून येणाऱ्याला आमच्या घरात सकाळी अकरा वाजता निव्वळ गोंधळ दिसतो. ओट्याखालचा सर्वांत खालचा खण उघडा असतो, वाट्या, फुलपात्री, पळ्या आणि पुरणयंत्राच्या जाळ्या दिवाणखान्यापर्यंत पसरलेल्या असतात, आणि नातवाने कांद्याबटाट्यांच्या टोपलीतला एखादा बटाटा माझ्या चपलेवर नेऊन ठेवलेला असतो. मात्र शेजारी जमिनीवर बसून थोडा वेळ पाहिले, तर त्या पसाऱ्यालाही शिस्त असल्याचे ध्यानात येते. धाकटा एक फुलपात्र दुसऱ्यात घालून पाहतो, ते बसत नाही म्हणून पालथे करतो, तिसरे घेतो. ते आत गेले की ‘हां!’ असा मोठ्याने निकाल देतो आणि सगळे पुन्हा उपसतो. त्या वेळी त्याला उचलून न्हाणीघरात नेले, तर तो जे आकांडतांडव करतो त्याला हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण आपण त्याला चालू कामावरून उठवलेले असते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी-कोसबाडच्या मुलांना शंखशिंपले, बिया, खडे आणि पाने हाताळू देत शिकवले. महागड्या खेळण्यांची खोकी भेट म्हणून आणणाऱ्या आमच्या नातेवाइकांना मी हा इतिहास आवर्जून ऐकवतो. (खोकी मात्र ठेवून घेतो, कारण रिकामे खोके मुलांना फार आवडते.)

कष्ट आहेतच, पण ते लोक समजतात तिथे नाहीत. भरवणे, पुसणे, दुपटी बदलणे, सांडलेले वरण फरशीवर वाळण्याच्या आत उचलणे, ही कामे हाताला सवय झाली की होऊन जातात. खरा थकवा येतो तो अखंड लक्ष ठेवण्याने. शेंगदाणे, फुटाणे, नाणी आणि विशेषतः रिमोटमधले बटणाएवढे सेल दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडात जाणे म्हणजे खेळ नव्हे. तो सेल पोटात गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे मी बसलेलो दिसलो, तरी माझी नजर फरशीवर फिरत असते. या पहाऱ्यातून सुटण्यासाठी मुलाच्या हातात मोबाईल देण्याचा मोह कोणालाही होईल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून जास्त दाखवू नये. आमच्या घरी दिवसा पडदा बंदच असतो, आणि त्याचे कारण माझे तत्त्व कमी, तो काढून घेताना होणारी रडारड जास्त, हे आहे.

आनंदाचे म्हणाल, तर नातीचा लोकलचा खेळ पाहायला या. भिंतीलगत पाट आणि उशा ओळीने मांडून ती गाडी तयार करते, ‘पुढील स्थानक कोपर’ अशी घोषणा अगदी त्याच सपाट सुरात करते आणि मला दारात उभे करून मागून ढकलते : ‘आबा, आत चला ना, आतमध्ये जागा आहे!’ धाकटा उलट दिशेने रांगत येतो, म्हणून त्याला ‘फास्ट गाडी’ असे नाव पडले आहे. ती आली की सगळ्यांनी मागे सरकायचे असते. आईबाबांना रोज घेऊन जाणारी गाडी ती स्वतः चालवते, वाटेल तिथे थांबवते, आणि मनात आले की त्या दोघांना दुपारी बारालाच डोंबिवलीला उतरवून मोकळी होते. हा खेळ तिला कोणीही शिकवलेला नाही. मी नोकरीत असतो तर तो मला कोणीतरी रात्री जेवताना दोन वाक्यांत सांगितला असता.

यावर ‘मग आम्हीही नातवंडे सांभाळावीत का?’ असा पुढचा प्रश्न हमखास येतो. प्रकृती धड असेल आणि मनापासून वाटत असेल तरच सांभाळावीत. सुनेला ‘नाही’ म्हणणे बरे दिसणार नाही म्हणून मुळीच नाही, कारण कुढत केलेला सांभाळ मुलांना बरोबर कळतो. हो म्हणण्यापूर्वी व्यवहार स्पष्ट ठरवून घ्यावा. आमच्याकडे रविवार पूर्णपणे माझा असतो, औषधपाण्याचा आणि खाण्यापिण्याचा शेवटचा शब्द आईबापांचा असतो, आणि मला ताप आला तर मुलगा रजा काढतो, सून नव्हे. ही शेवटची अट सूनबाईंनी घातली आणि मी ती लगेच उचलून धरली. मुलाने थोडी कुरकुर केली, पण मान्य केले.