दम देणारे काका

रविवारी दुपारी आमरस अंमळ जास्तच झाला. पडलो तर डोळा लागेना, म्हणून मोबाईल घेतला आणि कुठून कुठून भरकटत १९९७ सालच्या एका जपानी जाहिरातीपाशी येऊन थांबलो. क्लबात पोरं नाचतायत. ज्युदोचा पांढरा वेश घातलेला, जाड भुवयांचा एक गडी आत शिरतो, एकेकाला उचलून आपटतो. आपटल्या जागी चक्क स्फोट होतो! मग दम भरतो, ‘सेगा सातान, शिरो!’

शिरो म्हणजे ‘कर’, इथे ‘खेळ’. उंडारू नका, घरी जाऊन सेगा सॅटर्न खेळा. सॅटर्न म्हणजे सेगा कंपनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र. ह्या काकांचं नाव सेगाता सानशिरो. जुन्या ज्युदो-नायक सुगाता सानशिरोच्या नावावरची कोटी. पाठीवर भलंमोठं सॅटर्न बांधून ते डोंगरात तालीमही करतात. नट हिरोशी फुजिओका, १९७१ सालच्या ‘कामेन रायडर’ या टीव्ही मालिकेचा नायक. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. अशी माणसं मला फार आवडतात.

आमच्या घरात ‘कर’च्या आधी फक्त ‘अभ्यास’ यायचा. सुट्टीत आई कामावर गेली की आम्ही व्हिडिओ गेमची कॅसेट काढून तिच्या दातऱ्यांवर फुंकर मारायचो आणि खेळत बसायचो. ती यायच्या आत सगळं जागच्या जागी. वह्या उघड्या, चेहरे सात्त्विक. आई पर्स ठेवायची आणि काही न बोलता ॲडॉप्टरवर तळवा टेकवायची.

गरम.

पुढचं सांगत नाही. तेव्हा दारातून सेगाता काका यायला हवे होते, एवढंच.

पण काकांचंही काही खरं नव्हतं. १९९८ साली कंपनीचं नवं यंत्र यायचं होतं, ड्रीमकास्ट. शेवटच्या जाहिरातीत कंपनीच्या इमारतीवर क्षेपणास्त्र येतं. काका झेप घेऊन त्यावर स्वार होतात, ते अंतराळात वळवतात आणि संपतात. नवा माल आला, जुना विक्रेता गेला. हसत होतो, तिथे जरा गप्प झालो.

२०२० साली सेगाला साठ वर्षं झाली, तेव्हा जाहिरातीत नवा गडी आला, ‘सेगा शिरो’. नट कोण, तर फुजिओकांचा मुलगा. अनुकंपा तत्त्वावर भरती जपानमध्येही चालते म्हणायची!

सॅटर्न मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. संध्याकाळी हॉलमधून जाताना लेक पुस्तक उघडून बसला होता. त्याच्या लॅपटॉपच्या ॲडॉप्टरवर माझा तळवा कधी टेकला, कळलंही नाही.

गरम होता. चहा टाकायला आत गेलो.