सिगार बॉक्स गिटारचा पिझो आणि त्याची ठकठक : माझा अनुभव

सिगारच्या लाकडी खोक्यातून दांडा आरपार घालून त्यावर तीन तारा चढवणे हे काम वाटते त्यापेक्षा सोपे असते, त्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही. माझे सारे घोडे अडले ते पिझो पिकअपपाशी, म्हणजे कंपनांचे विद्युतसंकेत करणाऱ्या पातळ चकतीपाशी, आणि ‘चकती झाकणाला आतून कुठेही चिकटवा, दोन वायरी जॅकला (अ‍ॅम्प्लिफायरची वायर खोचायच्या खोबणीला) जोडा, झाले’ या सर्रास मिळणाऱ्या सल्ल्यावरचा माझा राग अजूनही गेलेला नाही.

या पद्धतीने आवाज येतो, हे खरे. पण तो तारांपेक्षा खोक्याचाच अधिक असतो. मनगट टेकले की ठक्, बाही घासली की खरखर, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज जरा वाढवला की शिट्टी. पितळी चकतीवरचा सिरॅमिकचा थर वाकला किंवा दाबला गेला की विद्युतदाब निर्माण होतो. तो दाब तारेमुळे आला की मनगटामुळे, याच्याशी त्या थराला काही देणेघेणे नसते. त्यातच झाकणाची पातळ फळी मधोमध सर्वांत मोकळेपणाने हलते आणि चकती बहुधा तेथेच चिकटवलेली असते. मी ती कोपऱ्याकडे नेली, तेव्हा ठकठकीबरोबर तारांचा आवाजही दबला. वरून गरम गोंदाचा जाड थर दिला, त्याने कर्कशपणा पुष्कळ मावळला, पण ठकठक कायम राहिली.

अखेर मी चकती झाकणावरून काढून घोडीखाली, म्हणजे खोक्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या आधाराखाली, आणली. कठीण लाकडाच्या ठोकळ्यात 27 मिलिमीटरची चकती बसेल एवढी उथळ खाच केली, वरून लाकडाची चीप लावून चकती दोहोंमध्ये घट्ट धरली, झाकणाला खिडकी पाडून तो ठोकळा थेट दांड्यावर टेकवला आणि त्यावर घोडी उभी केली. तारांचा ताण आता चकतीवरूनच जातो, तर झाकणावरचा स्पर्श तिच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता वाजवल्यास गिटार पूर्वीपेक्षा हळू वाजते; मला हा सौदा मान्य आहे. मात्र तारा घोडीवरून पुरेशा कोनाने खाली उतरल्या पाहिजेत, नाहीतर दाब अपुरा पडून त्या झणझणतात.

घूं असा आवाज येत असेल तर शील्ड (धातूच्या जाळीचे वेष्टन) असलेली वायर वापरावी आणि पितळेची बाजू जॅकच्या ग्राउंडला जोडावी. सिरॅमिकवर डाख देताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावे. जास्त उष्णतेने वरचा चांदीचा लेप सुटतो, म्हणून वायरी जोडलेलीच चकती घेतलेली बरी.

आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ येत असेल तर दोष बहुधा चकतीचा नसतो. अशा चकतीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण 20 नॅनोफॅरड असते. तिला 10 किलोओहम इतक्या कमी रोधाच्या लाइन इनपुटला जोडले की सुमारे 800 हर्ट्झच्या खालचे स्वर क्षीण होत जातात, म्हणून 1 मेगाओहमचा गिटार इनपुट किंवा मध्ये बफर (संकेत क्षीण न करता पुढे देणारे छोटे सर्किट) हवा.

घोडीच्या जागेविषयी आधीच सांगायला हवे होते : दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतच्या (फ्रेटपर्यंतच्या) अंतराची दुप्पट करून ती ठेवावी, पण चिकटवू नये. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तेथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसता हलका स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा लागला, तर घोडी थोडी मागे सरकवावी, जाड तारेच्या बाजूला जरा अधिक. झाकणाची खिडकीही या सरकण्यापुरती लांब ठेवावी.