जर्मनीत सिस्टर दिवसभर नेमकं करते काय

हल्ली इन्स्टावर सारखा कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, जर्मनीला यायचंय, प्रोसेस सांगा ना, आणि पगार किती मिळतो?" २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून आमच्याकडे जर्मन क्लासचे फ्लेक्स वाढदिवसाच्या फ्लेक्सशी स्पर्धा करायला लागलेत असं भाऊ सांगतो. प्रोसेस सांगणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत. पण इथे आल्यावर वॉर्डात उभं राहून आठ तास करायचं काय हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या बघण्यातल्या ज्या मुली कंटाळून परत गेल्या त्या थंडीमुळे किंवा जेवणामुळे नाही, या कामामुळेच गेल्या. म्हणून आज फक्त त्यावर लिहिते.

मी मिरजेची. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेसनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून आमचं गाव म्हणजे दवाखान्यांचंच गाव, एक गल्ली सोडली की पुढची हाडांच्या डॉक्टरांची. बीएस्सी नर्सिंग केलं आणि एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले. तिथे माझा हात चांगला म्हणून नाव होतं, म्हणजे म्हातारा पेशंट, सुजलेला हात, कुणालाच शीर मिळत नाहीये, की दुसऱ्या वॉर्डातून निरोप यायचा, सिस्टरना पाठवा. तर असा हात घेऊन मी इथे उल्मच्या जवळ एका वृद्धांच्या वॉर्डात आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे सलाईनची सुई साधारणपणे डॉक्टर लावतात! डॉक्टर नाहीतर मेडिकलचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. काही हॉस्पिटलांत रक्त काढायचं काम नर्सेस करतात, काही ठिकाणी ट्रेनिंग घेतलेल्यांना सुईही लावू देतात, पण नर्स म्हटलं की सुई हे जे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ते इथे नाही. समोर एक तरुण डॉक्टर आजींच्या हाताला तिसऱ्यांदा टोचतोय आणि मी शेजारी ट्रे धरून उभी, आणि मला ती शीर लांबूनच दिसतेय. काय वाटलं असेल ते नर्स लोकांना सांगायला नको.

मग मी काय करत होते, तर अंघोळी घालत होते.

मॉर्निंग ड्युटी सहाला सुरू होते, नाईटवाल्यांकडून ओव्हर घ्यायचा, म्हणजे रात्री कुठल्या पेशंटचं काय झालं ते समजून घ्यायचं, आणि साडेसहाच्या सुमाराला पहिल्या खोलीत शिरायचं. पेशंट उठू शकत असेल तर बेसिनपाशी खुर्चीवर बसवायचं, नसेल तर बेडवरच. पाणी किती गरम हवं हे त्यांना विचारायचं, तोंडाला साबण लावू का हेही विचारायचं (बहुतेक आजी नको म्हणतात). आधी चेहरा, मग हात, छाती, पाठ, पाय, शेवटी खालची स्वच्छता, त्याला वेगळं फडकं आणि स्वच्छ पाणी, आणि हे सगळं होताना अंगाचा जेवढा भाग धुतोय तेवढाच उघडा, बाकी टॉवेलखाली. कवळी काढून घासून द्यायची, घासताना बेसिनमध्ये आधी थोडं पाणी भरून ठेवायचं कारण हातातून सटकली तर फुटते. पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घट्ट पांढरे मोजे असतात ते पेशंट पलंगावर आडवा असतानाच चढवायचे, एकदा पाय खाली सोडून बसला की शिरांत रक्त उतरतं आणि मग मोज्यांचा उपयोग निम्मा होतो. हे मोजे चढवणं म्हणजे शिक्षा आहे हो, टाच नेमकी टाचेत यायला हवी, एक सुरकुती राहिली तरी कातडीवर वळ उठतो. मग कपडे, मग केस विंचरायचे, मग चष्मा, कानाचं मशीन, आणि नाश्त्याला टेबलाशी नेऊन बसवायचं. ब्रेडला लोणी लावून द्यायचं. गिळताना ठसका लागतोय का बघायचं. तोवर तिकडे दुसऱ्या खोलीची बेल वाजतेय, बेडपॅन हवंय.

आपल्याकडे स्पंजिंग आपण फर्स्ट इयरला प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी करतो, त्यानंतर ते काम मावशींचं, मामांचं, नाहीतर नातेवाईकांचं. कॉटखाली चटई टाकून झोपणारी सून, डबा घेऊन येणारा जावई, रात्रभर पाय चेपणारा भाऊ, यांच्या जिवावर आपले वॉर्ड चालतात आणि सिस्टर इंजेक्शनं, औषधं, फायली बघते. इथे नातेवाईक भेटीच्या वेळेत फुलं घेऊन येतात, तासभर बसतात, जातात. वाईट लोक आहेत असं नाही, पद्धतच तशी आहे. त्यामुळे ज्या माणसाला स्वतःचं काही करता येत नाही त्याचं सगळं नर्सनेच करायचं.

घरी व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा आई थोडा वेळ गप्पच झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे तू तिकडे जाऊन मावशीचं काम करतेस?" चार वर्षांची डिग्री, पुण्याला राहून शिकलेली जर्मन, आणि हे. तिचंही चुकलं नाही, आपल्याकडे दुसऱ्याची घाण काढणं हे कुणी करायचं काम आणि कुणी नाही हे फार आधीपासून ठरलेलं आहे आणि ते कसं ठरलंय हे सगळ्यांना माहितीये. मला स्वतःलाही सुरुवातीला तेच वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

मत बदललं ते एका सीनियर सिस्टरबरोबर काम करताना. एका आजींची पाठ पुसता पुसता ती मला म्हणाली, इथे बघ, माकडहाडावर बोट दाबून. लाल चट्टा होता, बोट काढलं तरी पांढरा पडत नव्हता, म्हणजे बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. मग श्वास कसा चाललाय, काल स्वतः तोंड धुणाऱ्या आजी आज फडकं हातात घेऊन नुसत्या बघत का बसल्यात, पायावर सूज वाढलीये का, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत बघून झालं आणि राऊंडला तिने ते डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी लिहूनही घेतलं. मी आयसीयूत मॉनिटरकडे बघून पेशंट ओळखायचे, ही अंघोळ घालताना ओळखत होती. आणि हे नुसतं भावनिक नाहीये, इथे कायदाच आहे, २०२० पासून जो नर्सिंगचा नवा कायदा लागू झाला त्यात पेशंटला कोणती शुश्रूषा लागणार हे ठरवणं, तिचं प्लॅनिंग करणं आणि ती नीट होतेय का हे तपासणं ही कामं फक्त रजिस्टर्ड नर्सचीच आहेत, डॉक्टरसुद्धा ती करू शकत नाही. मिरजेत मला सुई लावायला लांबून बोलवायचे, पण पेशंटचं काय करायचं हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

अर्थात हा मान लगेच मिळत नाही. तुमची डिग्री इथे आपोआप चालत नाही. इथे नर्सिंग हे तीन वर्षांचं ट्रेनिंग असतं, २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष वॉर्डात, आणि तुमच्या कागदांवरचे तास त्याच्याशी ताडून बघतात. म्हणून कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट घेताना विषयवार आणि वॉर्डवार तास लिहिलेलं घ्या, नुसते मार्क असलेलं चालत नाही, आणि क्लार्क साहेबांच्या मागे लागायची तयारी ठेवा. मग सरकारी ऑफिस पत्र पाठवतं की यात अमुक अमुक कमी आहे, आणि ती कमी भरून काढायला एकतर इथे वॉर्डात राहून अॅडाप्टेशन कोर्स करायचा नाहीतर परीक्षा द्यायची. मी परीक्षा दिली. तोंडी भाग पाऊण ते एक तासाचा, आणि प्रॅक्टिकलला खरे पेशंट, त्यात परीक्षकांनी माझं काय बघितलं असेल तर मी पेशंटला विचारून पडदा ओढला का, बेड माझ्या कमरेच्या उंचीला घेतला का. बेड वर न घेता वाकून काम केलं की इथे लगेच टोकतात, तुझी पाठ तुला अजून बरीच वर्षं वापरायचीये म्हणून. ही परीक्षा होईपर्यंत तुम्ही हेल्पर म्हणून काम करता आणि पगारही हेल्परचाच मिळतो. एजंट पगाराचा आकडा सांगतो तो परीक्षेनंतरचा असतो, आणि तोही कापायच्या आधीचा, एकट्या माणसाचा टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स जाऊन जवळपास एक तृतीयांश कमी होऊन हातात येतो.

भाषेचं तर काय सांगू. बी-टू या जर्मनच्या लेव्हलच्या परीक्षेत चारही भागांत शंभरपैकी साठ लागतात, ते अभ्यास करून येतात. पण इथले आजी-आजोबा श्वाबेन भागातली बोली बोलतात, त्यात कवळी काढलेली. पुण्याच्या क्लासातल्या सीडीवरची बाई फार स्वच्छ बोलायची. आमच्या वॉर्डात रिटायरमेंटला आलेल्या एक मल्याळी ताई आहेत, १९६०च्या दशकात चर्चमार्फत केरळच्या मुली जर्मनीत नर्सिंगला यायला लागल्या त्या परंपरेतल्या, त्या तीच बोली घडाघडा बोलतात आणि जर्मन लोकच हसून बघत राहतात. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, कळलं नाही तर मान हलवू नकोस, पुन्हा विचार. आपल्याला मान हलवायची फार सवय, आणि औषधाच्या बाबतीत ती सवय महागात पडते.

नाईटला आमच्यासारख्या वृद्धांच्या वॉर्डात कायद्याने एका नर्समागे जास्तीत जास्त २० पेशंट, दिवसा १०. ऐकायला बरं वाटतं, पण या वीसपैकी बाराजणांना रात्री कूस बदलून द्यायचीये असं धरा आणि मग हिशोब करा. सुट्ट्या मात्र खऱ्या मिळतात, सरकारी नोकरांचा पगार-सुट्ट्यांचा करार लागू असलेल्या हॉस्पिटलात पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला ३० दिवस, आणि त्या घेतल्या नाहीत तर इन्चार्जच मागे लागते.

एजंटबद्दल एकच सांगते. आपल्या सरकारच्या नियमाने लायसन्स असलेला रिक्रूटिंग एजंट सेवेचे तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि इथली चांगली हॉस्पिटलं तर सगळा खर्च स्वतः करतात. माझ्या एका मैत्रिणीकडून लाखांत घेतले आणि वर कॉन्ट्रॅक्टमध्ये अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत अशी अट. सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट जर्मन येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, क्लासच्या सरांकडून तरी. एजंटचं लायसन्स ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या साइटवर बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे.

सामानाचं विचारतात बऱ्याच जणी. युनिफॉर्म आणू नका, हॉस्पिटल देतं आणि धुऊनही देतं. छोटा कुकर आणा. सांगलीची हळद आणि कांदा-लसूण मसाला आणा, पण डबल पॅक करून, माझ्या स्वेटरला अजून वास येतो आणि लिफ्टमध्ये लोक वळून बघतात. आणि जमलं तर यायच्या आधी महिनाभर घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांची अंघोळ रोज स्वतः घाला. नको वाटलं तर तिथेच कळेल, तिकिटाचे पैसे वाचतील. डॉक्युमेंट्सचं सविस्तर पुढच्या वेळी लिहिते, उद्या मॉर्निंग आहे.